फाइल कोरी ठेवायची की मुलाला बोलतं करायचं?

या वेळचं पत्र न्यू जर्सीहून आलंय. जरा कापून देते.

“ताई, आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. घरी मराठीच. उशिरा बोलायला लागला आणि अजूनही त्याचं बोलणं बाहेरच्यांना नीट कळत नाही. तीन वर्षांचा होईपर्यंत राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन या लहान मुलांच्या योजनेतून स्पीच थेरपी घेतली. मग आम्ही टाऊन बदललं आणि ते मागे पडलं. आता पब्लिक स्कूलच्या प्री-केमध्ये (बालवाडीत) नाव घालताना शाळेने चाइल्ड स्टडी टीमकडून, म्हणजे विशेष शिक्षणाची गरज तपासणाऱ्या शाळेच्या पथकाकडून, तपासणी करायला माझी सही मागितली आहे. त्याच आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं, की इथे प्री-केपासून नोकरी लागेपर्यंत मुलांची माहिती सरकारी खाती एकमेकांना देतात. तेव्हापासून मला झोप नाही. चौथ्या वर्षी लागलेला ‘स्पेशल एज्युकेशन’चा शिक्का पंचविसाव्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत आडवा येईल का? आम्ही एच-वन-बीवर आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेत. तिथे काही अडेल का? नवरा म्हणतो, कर नाही त्याला डर कशाला, सही करून टाक. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, सरकारदरबारी नोंद कशाला करून ठेवता. मला वाटतं, सही करू नये आणि खासगी थेरपिस्ट बघावा. माझं चुकतंय का?”

सही करा. पण तपासणी कुठल्या भाषेत होणार, हे विचारल्याशिवाय करू नका. का ते पुढे सांगते, कारण माझ्या मते तुमची सगळ्यात मोठी काळजी तिथे असायला हवी होती आणि पत्रात तिचा एक शब्दही नाही.

मी स्वतः एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, ऑफिसात बरीच वर्षं मुलांच्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये भरल्या आहेत. त्यामुळे मी हे उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाहीये. ऑफिसातल्या त्या गृहस्थांनी सांगितलं ते खोटं नाही, फक्त अर्धवट आहे.

न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये नाव घातलं की मुलाला राज्याच्या एनजे स्मार्ट या व्यवस्थेत दहा आकडी नंबर मिळतो. टाऊन बदला, शाळा बदला, नंबर तोच. पुढे राज्यात आणखी एक व्यवस्था आहे. तिचं आधीचं नाव ‘एज्युकेशन टू अर्निंग्ज’ असं सरळच होतं, आता ती स्टेटवाइड डेटा सिस्टीम म्हणून ओळखली जाते आणि रटगर्स विद्यापीठातलं हेल्ड्रिच सेंटर तिचं काम बघतं. शिक्षण खातं, उच्च शिक्षण सचिवांचं कार्यालय, विद्यार्थ्यांना आर्थिक मदत देणारी संस्था आणि कामगार खातं यांच्याकडच्या नोंदी तिथे एकमेकींना जोडल्या जातात. कामगार खात्याकडे तुमच्या पगाराची माहिती कुठून येते? तर प्रत्येक कंपनी दर तिमाहीला डब्ल्यूआर-३० नावाचं विवरण भरते. त्यात कामगाराचं नाव, सोशल सिक्युरिटी नंबर आणि दिलेला पगार असतो. बेकारी भत्त्याचा हिशेब करता यावा, हा त्याचा मूळ हेतू. आता तेच विवरण कुठल्या कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं किती कमावतात हे काढायलाही उपयोगी पडतं.

हे एकट्या न्यू जर्सीचं खूळ नाही. देशभराच्या मुलांचा एकच मोठा साठा वॉशिंग्टनने करू नये, अशी बंदी फेडरल कायद्यात आहे. मग झालं असं, की वॉशिंग्टनने राज्यांना अनुदान दिलं आणि राज्यांनी आपापले साठे बांधले. २००५ मध्ये पहिल्या फेरीत १४ राज्यांना पैसे मिळाले. मंदीनंतरच्या २००९ च्या पॅकेजमधून आणखी २५ कोटी डॉलर ओतले गेले. कॅलिफोर्नियाने तर आपल्या व्यवस्थेचं नावच ‘पाळण्यापासून करिअरपर्यंत’ असं ठेवलंय.

यासाठी तुमची परवानगी लागते का? नाही. शिक्षणातल्या गोपनीयतेचा मूळ कायदा १९७४ चा, सगळे त्याला फर्पा म्हणतात. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलाची नोंद बाहेर द्यायची नाही, हा त्याचा नियम. पण नियमापेक्षा अपवाद मोठे. सरकारी कार्यक्रमांची तपासणी आणि मूल्यमापन हा त्यातला एक अपवाद. त्या तपासणीसाठी ‘अधिकृत प्रतिनिधी’ म्हणून कोणाला नेमता येतं, याची व्याख्या २०११ च्या शेवटी इतकी सैल करण्यात आली, की शिक्षण खात्याबाहेरची संस्थाही त्यात बसू लागली. करार लेखी हवा, काम झालं की माहिती नष्ट करायची, अशा अटी आहेत. पण तुम्हाला विचारायचं, अशी अट नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पंचविसाव्या वर्षी मुलाखत घेणाऱ्याच्या टेबलावर ही फाइल नसेल. राज्याच्या त्या जोडलेल्या साठ्यातून एकेका माणसाची कुंडली कंपन्यांना मिळत नाही. बाहेर येतात ते गटांचे आकडे, की अमुक कोर्स केलेल्यांचा सरासरी पगार इतका. आणि हा साठा लोकांना वाटतो तितका सर्वज्ञही नाही. डब्ल्यूआर-३० न्यू जर्सीतल्या नोकरीचं. तुमचा मुलगा उद्या टेक्सासला गेला किंवा त्याने स्वतःचा धंदा काढला, तर त्यात त्याच्या पगाराची ओळ येणार नाही. कॉलेजचंही तसंच. शाळेकडून कॉलेजला जाते ती ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रिका, आणि मुलाला अपंगत्व आहे किंवा तो विशेष शिक्षणात होता, असं ट्रान्सक्रिप्टवर लिहायला मनाई आहे. शिवाय प्री-केमध्ये स्पीच घेतलेली कितीतरी मुलं दुसरी-तिसरीपर्यंत त्यातून बाहेरही पडलेली असतात. माझ्या टेबलावरून अशा बाहेर पडण्याच्या नोंदी सतत जायच्या. त्या भरताना फार बरं वाटायचं.

ग्रीन कार्डबद्दलही सांगते. आयडीईए या विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्याखाली शाळा देते ती स्पीच थेरपी म्हणजे सरकारवर भार टाकणं असं पब्लिक चार्जच्या, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याच्या, नियमांत धरलेलं नाही. २०१९ चे नियम सगळ्यात कडक समजले गेले, त्यांनीही या सेवा बाजूला ठेवल्या होत्या आणि २०२२ च्या नियमांतही त्या मोजल्या जात नाहीत. या क्षेत्रात नियम हलते असतात, तेव्हा तुमच्या अर्जाचा वकील आहेच, त्याला एक ओळीची ईमेल टाकून खात्री करून घ्या. आणि शाळेत नाव घालताना तुमचा व्हिसा कुठला हे सांगायची गरज नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या प्लायलर निकालापासून शाळेची दारं त्या प्रश्नावर अडत नाहीत. सोशल सिक्युरिटी नंबरही देऊ नका. फॉर्मवर रकाना असला तरी तो रिकामा ठेवता येतो, त्यावरून प्रवेश नाकारता येत नाही. आपली माणसं रकाना दिसला की भरतात. वर पेनाने ठळक करतात.

एवढं वाचून तुमच्या यजमानांना वाटेल, बघ, मी म्हणत होतोच. तर त्यांनाही दोन शब्द. “कर नाही त्याला डर कशाला” हे चोरीच्या आरोपाला ठीक आहे. चार वर्षांच्या पोराने काय केलंय की काय नाही, हा मुद्दाच नाही. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्याच कामाला लागते, त्रास तिथे सुरू होतो.

फ्लोरिडातल्या पास्को काउंटीत हे झालं. तिथल्या शेरिफच्या ऑफिसने शाळेच्या नोंदी आणि मुलांच्या छळाच्या, दुर्लक्षाच्या सरकारी नोंदी एकत्र करून, पुढे गुन्हेगारीकडे वळू शकतील अशा मुलांची एक यादी ठेवली होती. ‘टॅम्पा बे टाइम्स’ने २०२० मध्ये ती उघड केली तेव्हा यादीत ४२० मुलं होती. यादीत यायला गुन्हा करावा लागत नव्हता. डी किंवा एफ ग्रेड आणि सतत गैरहजेरी हे त्यातले निकष. घरी छळ सोसलेला असणं, हाही एक. म्हणजे ज्या पोराला घरी मार बसतो, त्याच्यावर नजर ठेवायची! पालकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. नंतर केंद्राच्या शिक्षण खात्याने चौकशी सुरू केली आणि डिस्ट्रिक्टला पोलिसांशी असलेला करार आवळावा लागला. पण बैल गेला नि झोपा केला.

अगदी अलीकडे, मार्च २०२५ मध्ये व्हाइट हाऊसने आदेश काढला, की सरकारी खात्यांमधल्या माहितीच्या भिंती पाडा. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या राज्यांच्या योजनांची माहितीही केंद्राला मिळावी, असं त्यात आहे. आज ज्या व्यवस्थेतून फक्त सरासऱ्या बाहेर येतात, तिच्यातून उद्या काय बाहेर काढायचं हे उद्याचे लोक ठरवतील. तुमची भीती मला म्हणूनच वेडेपणाची वाटत नाही. तिच्यावर तुम्ही काढलेला उपाय मात्र मला पटत नाही.

आणखी एक भीती पत्रात नाही, पण ती जास्त खरी आहे, चोरीची. डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या कंपनीच्या व्यवस्थेत कोणीतरी चोरलेला पासवर्ड वापरून शिरलं. अनेक डिस्ट्रिक्ट मुलांच्या नोंदी याच व्यवस्थेत ठेवतात. सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे सहा कोटींहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती गेली. पकडला गेलेला मुलगा होता एकोणीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा. शाळा सोडून कैक वर्षं झालेल्यांच्या नोंदीही त्यात होत्या, कारण कोणी पुसल्याच नव्हत्या. लक्षात घ्या, हे राज्याच्या त्या मोठ्या साठ्यातून झालं नाही. शाळेच्या रोजच्या हजेरी-मार्कांच्या सॉफ्टवेअरमधून झालं. आपण डोंगराकडे बघत राहतो आणि ठेच लागते ती पायाखालच्या दगडाची.

मग हे सगळं बंदच का करत नाहीत, असा प्रश्न पडेल. न्यूयॉर्कमध्ये पालकांनी एक बंद पाडलंही. इनब्लूम नावाची संस्था १० कोटी डॉलरच्या देणगीवर २०१३ मध्ये उभी राहिली, अनेक राज्यांच्या मुलांच्या नोंदी एका क्लाउडवर ठेवणार होती. एप्रिल २०१४ मध्ये तिने गाशा गुंडाळला. मला त्या पालकांचं कौतुक आहे. पण टेनेसीचंही एक उदाहरण आहे. तिथे सरकारी प्री-केला गेलेली आणि जागा कमी पडल्याने जाऊ न शकलेली गरीब घरची २,९९० मुलं व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या लोकांनी राज्याच्या नोंदींवरून सहावीपर्यंत पाहिली. २०२२ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा सगळे चक्रावले. प्री-केला गेलेल्यांचे मार्क न गेलेल्यांपेक्षा कमी होते आणि शिस्तीच्या तक्रारी जास्त. (तुमच्या मुलाचं नाव काढू नका हं लगेच! ते एका राज्यातल्या एका कार्यक्रमाबद्दल आहे.) मुद्दा असा, की वर्षानुवर्षांच्या नोंदी एकमेकींना जोडल्या नसत्या तर हे कोणालाही कळलं नसतं आणि सगळे मान डोलावत बसले असते. जोडणं हे मला पाप वाटत नाही. राग आहे तो पालकांना न सांगता जोडण्याचा, आणि चुकीचं जोडण्याचा.

चुकीचं कसं जोडतात, ते माझ्याच घरातलं ऐका. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. भारतीय पासपोर्टवर मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’ म्हणून एकाच ओळीत येतं. माझ्या मुलीचं नाव डॉक्टरांच्या ऑफिसने पासपोर्ट बघून तसंच्या तसं दोन्ही मिळून पहिलं नाव म्हणून घातलं. शाळेने जन्मदाखला बघून फक्त तिचं नाव घातलं. शाळेकडे सोशल सिक्युरिटी नंबर सहसा नसतो, म्हणून नोंदी जोडायच्या त्या नाव, आडनाव, जन्मतारीख यांवरून. आमच्या घरात त्यामुळे कागदोपत्री दोन मुली झाल्या. एकीला सगळ्या लशी टोचलेल्या, पण ती शाळेत जात नव्हती. दुसरी शाळेत जात होती, पण तिला एकही लस नव्हती. शाळेचं पत्र आलं, की लसीकरण पूर्ण नाही, सोमवारपासून मुलीला घरी ठेवा. मी त्याच प्रकारच्या ऑफिसात काम करणारी बाई, तरी ते निस्तरायला मला तीन आठवडे लागले. मुलीला मात्र आपली एक बिनलशीची जुळी बहीण आहे याची फार गंमत वाटली, ती तिच्यासाठी खाऊ बाजूला काढून ठेवायला लागली.

तेव्हा पहिलं काम हे, की मुलाचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. पहिल्या नावाच्या रकान्यात फक्त त्याचं नाव. यजमानांचं नाव मधल्या रकान्यात किंवा कुठेच नाही. डॉक्टर, विमा, शाळा, सगळीकडे तेच. पासपोर्टवर काय आहे ते तिथे राहू द्या.

आता भाषेचं. प्रवेशाच्या कागदांत घरी कोणती भाषा बोलता हे विचारणारा एक फॉर्म असतो. आपले कित्येक लोक तिथे ‘इंग्लिश’ लिहितात. मुलाला वेगळ्या वर्गात टाकतील ही भीती. काही जण ‘हिंदी’ लिहितात, समजायला सोपं म्हणून. आणि कधी पालक मराठी लिहितात, पण शेजारच्या टेबलावरची बाई ‘इंडियन ना, मग हिंदी’ म्हणून यादीतून हिंदी निवडते. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि तिच्याशी भांडलेही आहे. तुम्ही मराठी लिहा आणि नंतर फाइलमध्ये मराठीच आहे का, ते बघा.

कारण आयडीईएचा नियम आहे, की तपासणी मुलाच्या स्वतःच्या भाषेत व्हायला हवी, अगदीच अशक्य असेल तर गोष्ट वेगळी. फाइलमध्ये इंग्लिश असेल, तर स्पीचवाली बाई चित्रांचं पुस्तक उघडेल आणि इंग्लिशमध्येच विचारत जाईल. डॉगचं चित्र दाखवलं, पोरगा गप्प. शून्य. त्याला ‘भूभू’ माहीत आहे, ‘कुत्रा’ही माहीत आहे, पण ते तिला कळणार नाही. व्हॅनचं चित्र दाखवलं, तो आपला ‘व’ म्हणेल. मराठीत एकच ‘व’ आहे, आपण व्ही आणि डब्ल्यू तोंडात वेगळे करत नाही. ती लिहील, ध्वनीची चूक. घरी जे ऐकतो तेच तो बोलला, पण अहवालात ते दोष म्हणून जाईल. मग एकतर मराठी असण्याला दोष समजून शिक्का बसेल, नाहीतर उलटं होईल. ‘दोन भाषांमुळे होतंय, थांबा, आपोआप येईल’ म्हणून खरोखरची अडचण सुटून जाईल. दुसरा प्रकारही मी पाहिलाय. त्यात एक मुलगा दोन वर्षं मागे पडला.

चुकीची गोष्ट फाइलमध्ये शिरते ती इथे, शाळेच्या त्या छोट्या खोलीत, चित्रांच्या पुस्तकासमोर. कामगार खात्यात नाही. ती चूक मग दहा आकडी नंबराला चिकटून फिरत राहते, कारण पुढचा प्रत्येक जण मागच्याने लिहिलंय ते खरं धरून चालतो. म्हणून संमतीच्या फॉर्मबरोबर एक साधं पत्र जोडा. मुलाची घरची भाषा मराठी आहे, तपासणी मराठीतही व्हावी, दुभाषी लागेल तो डिस्ट्रिक्टने द्यावा, आणि अहवालात कुठल्या भाषेत तपासलं ते लिहावं. दुभाषी म्हणून तुम्ही बसू नका. आई बसली की मुलाचं अर्धं उत्तर तीच देऊन टाकते, आणि माझ्यावर विश्वास ठेवा, तुम्हीही द्याल. घरातला त्याचा पाच मिनिटांचा एक व्हिडिओ मात्र द्या, आजीशी बोलतानाचा. सासूबाईंचा असा उपयोग होईल.

खासगी थेरपिस्टचं म्हणाल तर पैसे असतील तर तीही लावा, जोडीला. पण लपवण्यासाठी लावत असाल तर गंमत अशी आहे, की विम्यातून पैसे घेतले तर विम्याच्या कंपनीकडे निदानाच्या कोडसकट नोंद होणारच, आणि तिथे फर्पा लागू नाही, तिथले कायदे वेगळे. आणि तुमच्या मुलाची फाइल आता कोरीही नाही. अर्ली इंटरव्हेन्शन आरोग्य खात्याचं, तिथे नोंद आहेच. शाळेच्या थेरपीत एक गोष्ट खासगीत मिळत नाही, ती म्हणजे वर्गातली चार पोरं आणि त्यांच्यात बोलायची गरज. तुमच्या संमतीची तारीख पडली, की न्यू जर्सीत तपासणीपासून आयईपी, म्हणजे मुलासाठी आखलेला विशेष शिक्षणाचा आराखडा, सुरू होईपर्यंत ९० दिवसांची मुदत लागते. चार वर्षांच्या पोराच्या बोलण्यात ९० दिवस खूप असतात. तपासणीची सही वेगळी आणि आयईपी पहिल्यांदा सुरू करायची सही वेगळी, हेही माहीत असू द्या. पहिली केली म्हणजे दुसरी केली असं होत नाही. सुरू झाल्यावर कधीही लेखी कळवून सेवा थांबवताही येते, फक्त मागची नोंद त्याने पुसली जात नाही.

नकार कुठे द्यायचा तेही सांगते, कारण नकार द्यायला जागा आहेत. त्याच गठ्ठ्यात ‘डिरेक्टरी इन्फर्मेशन’चा कागद असेल. तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर मुलाचं नाव, पत्ता, फोटो अशा गोष्टी शाळा मागेल त्याला देऊ शकते. इथे नाही म्हणा. दुसरा कागद सेमी नावाचा, शाळेच्या थेरपीचे पैसे मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विम्याकडून वसूल करायला संमती मागणारा. तुमचा विमा नवऱ्याच्या कंपनीचा आहे, तुम्ही मेडिकेडवर नाही. हा कागद सरसकट सगळ्यांना देतात. सही केली नाही म्हणून थेरपी अडत नाही, कायद्यानेच अडवता येत नाही. वर्गातल्या कुठल्या कुठल्या ॲपांसाठी संमती मागतील, त्यांतलं प्रत्येक वाचा आणि मुलाचा फोटो किंवा आवाज घेणारी बाजूला काढून शिक्षिकेला विचारा, याच्याशिवाय चालेल का. बहुतेक वेळा चालतं.

नावं काढून टाकलेली माहिती आहे, काळजी कशाला, असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी फार पूर्वी दाखवून दिलंय, की पिनकोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढ्या तीन गोष्टींवरून या देशातली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतात. आणि तुमच्या शाळेत चार वर्षांचा, घरी मराठी बोलणारा, स्पीच घेणारा मुलगा किती असतील? एकच. त्याचं नाव काढलं काय नि ठेवलं काय. म्हणून अशा छोट्या गटांचे आकडे छापायचे नाहीत, असा नियम असतो. पाळला जातो की नाही, ते शाळेच्या अहवालात नजर टाकून बघत जा.

वर्षातून एकदा फाइल मागून वाचायची. हा तुमचा हक्क आहे. फर्पा शाळेला ४५ दिवस देतो, न्यू जर्सीच्या नियमांत दहा दिवस आहेत. ‘संपूर्ण विद्यार्थी नोंद, चाइल्ड स्टडी टीमच्या कागदांसह, आणि माहिती कोणाकोणाला दिली त्याची यादी’ असं लेखी मागा. ती यादी ठेवणं शाळेवर बंधनकारक आहे आणि ती मागणारा पालक आमच्या ऑफिसात वर्षाकाठी एखादाच यायचा. आला की सगळे एकमेकांकडे बघायचे. चूक सापडली तर दुरुस्ती मागा, नाही म्हणाले तर सुनावणी मागा, तिथेही नाही म्हणाले तर तुमचं म्हणणं लिहून फाइलला जोडा, ते फाइलबरोबर फिरतं. एक मर्यादा आहे. चुकीची माहिती दुरुस्त होते, न पटणारं मत नाही. ‘बोलणं वयाच्या मानाने मागे’ हे बाईंचं मत, ते तुम्हाला झोंबलं तरी राहील. ‘घरची भाषा हिंदी’ ही चूक, ती जाईल.

न्यू जर्सीत मुलाची मूळ नोंद, म्हणजे नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, लशी, हजेरी, मार्क, शाळेला १०० वर्षं ठेवावी लागते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. तुमचा मुलगा एकशेदहा वर्षांचा होईल तेव्हाही तो प्राथमिक शाळेत किती दिवस गैरहजर होता, ते कुठेतरी लिहिलेलं असेल. पण विशेष शिक्षणाचे अहवाल त्या शंभर वर्षांत सक्तीने येत नाहीत. शाळेला त्यांची गरज संपली की पालकांना तसं कळवावं लागतं, आणि पालकांनी मागणी केली तर ते नष्ट करावे लागतात. ते पत्र येतं तेव्हा मुलगा अठरा-वीस वर्षांचा असतो, घर बदललेलं असतं, आणि ते पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतं. परत आलेल्या पत्रांचा एक खोका आमच्याकडे कपाटाखाली होता. घर बदललं की नवा पत्ता शाळेला कळवायला विसरू नका, अगदी तो शाळेतून बाहेर पडल्यावरही. आणि अहवाल नष्ट करायला सांगण्याआधी एक प्रत स्वतःकडे काढून ठेवा. कॉलेजात परीक्षेला जादा वेळ मागायचा झाला तर कदाचित त्यालाच ती लागेल. तेव्हा हे हक्क तुमचे राहिलेले नसतील, त्याचे झालेले असतील, तेव्हा त्यालाच विचारून काय ते करा.

सोमवारी फोन करून चाइल्ड स्टडी टीमची वेळ घ्या. फोनवर पहिलंच वाक्य, “मला मराठी दुभाषी हवा आहे.” पलीकडची व्यक्ती विचारेल, मराठी म्हणजे कुठली? स्पेलिंग सांगायची तयारी ठेवा.